हजेरीपटावरची वस्ती

देहूहून आळंदीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, इंद्रायणीच्या दक्षिण तीरी वसलेले मौजे तळवडे, तालुका हवेली, हे गाव महसुली दप्तरात दीर्घकाळ एक साधे शेतकरी गाव म्हणूनच नोंदलेले होते. काळी, पांढरी, गायरान, ओढा आणि नदी एवढाच त्याचा विस्तार. आणि कोणाचे घर कोणत्या आळीत आहे, कोणाचा मुलगा शाळेत जातो आणि कोणाचा गुरांमागे, हे जाणून घेण्यासाठी तेथे कारकुनाची गरज पडत नसे. १९९७ साली चिखली, मोशी, चऱ्होली आदी गावांसमवेत तळवडे पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या हद्दीत आले. आज त्याच शिवारात माहिती-तंत्रज्ञानाच्या काचेच्या इमारती, यंत्रांचे सुटे भाग बनविणारे लहानमोठे कारखाने, ज्योतिबानगर, रुपीनगर, त्रिवेणीनगर अशा वसाहती, आणि त्यांच्या मधल्या फटींत पत्र्याच्या खोल्यांच्या रांगा उभ्या आहेत. नदी ओलांडली की निघोजे, महाळुंगे आणि चाकण येथील मोटारींचे कारखाने लागतात. ह्या पत्र्याच्या खोल्यांत वाढणारी मुले शाळेपर्यंत कशी पोहोचली, आणि पोहोचल्यानंतर तेथे कशी टिकली, ह्याचा इतिहास कोणी लिहिलेला नाही. तो सुटासुटा, तुकड्यातुकड्यांनी, निरनिराळ्या कायद्यांच्या कलमांत आणि निरनिराळ्या माणसांच्या खटाटोपांत विखुरलेला आहे, आणि तेथूनच तो गोळा करावा लागतो.

ह्या पट्ट्यातील मजूरवस्तीचा आरंभ कारखान्यांपासून झाला असे सामान्यतः समजले जाते, परंतु वास्तविक तो त्याच्याही आधी, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात देहूरोडला लष्करी दारूगोळ्याचे आगार उभे राहिले तेव्हा झाला. आगाराला हमाल हवे होते, आणि हमालांना राहावयास जागा हवी होती. पहिली गरज सरकारने मोजूनमापून पुरी केली, दुसरी ज्याची त्याने. तेथील वस्तीतील लोकांनी बांधलेल्या विहारात २५ डिसेंबर १९५४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली, ही घटना धर्मांतराच्या इतिहासात पुष्कळदा सांगितली जाते. शिक्षणाच्या इतिहासात ती सांगितली जात नाही, हे मला चुकीचे वाटते. कारण ज्या वस्तीत घरातला एकुलता कंदील स्वयंपाकाला, तान्ह्या मुलाला आणि पुस्तकाला एकाच वेळी पुरवावा लागे, तेथे संध्याकाळी मुलांना उजेडात बसता येईल अशी वस्तीच्या मालकीची पहिली पक्की जागा बहुधा विहार, समाजमंदिर किंवा मारुतीचे देऊळ हीच असे. पुढे नगरपालिकांनी ‘अभ्यासिका’ ह्या नावाने ज्या खोल्या बांधल्या, त्यांची कल्पना कोणा अधिकाऱ्याच्या डोक्यातून निघाली नाही. ती वस्तीने आधीच अमलात आणलेली होती.

त्याच १९५४ साली पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि पुढील वर्षी तेथे पेनिसिलीन तयार होऊ लागले. कंपनीबरोबर तिची कॉलनी आली, आणि कॉलनीबरोबर बाग, दवाखाना आणि शाळा. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना होऊन पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरीच्या जमिनी संपादित होऊ लागल्या; बजाज ऑटो, टेल्को आणि त्यांना सुटा माल पुरविणारे शेकडो कारखाने आले; १९७० साली ह्या चार गावांची मिळून नगरपालिका झाली आणि १९८२ साली ती महानगरपालिका झाली. कायम कामगाराला कॉलनी, सोसायटी किंवा निदान भाड्याची चाळ मिळे. परंतु कॉलनीच्या भिंती बांधणारा गवंडी, कारखान्याचा पाया खणणारा वडार, माल उतरविणारा माथाडी आणि पुढे ठेकेदाराच्या मस्टरवरचा हंगामी मजूर ह्यांच्यासाठी कोणत्याही आराखड्यात रकाना नव्हता. १९७२ च्या दुष्काळाने मराठवाडा, सोलापूर आणि नगरकडील कुटुंबांचे लोंढे पुण्याकडे लोटले, तेव्हा नाल्याकाठी, रेल्वेच्या कडेला, महामंडळाच्या मोकळ्या भूखंडांवर वस्त्या उठल्या. आनंदनगर, भाटनगर, विठ्ठलनगर, गवळीमाथा, बालाजीनगर, लालटोपीनगर अशी त्यांची नावे आहेत. काही देवांची, काही महापुरुषांची, काही निव्वळ आशेची. निगडीला ओटा स्कीम झाली, जीत पालिकेने जोते बांधून द्यावयाचे आणि भिंती व छप्पर ज्याचे त्याने चढवावयाचे, असा व्यवहार होता. गरिबाच्या घराविषयी सरकारने केलेल्या योजनांत मला ती सर्वांत प्रांजळ वाटते.

तळवड्याची गोष्ट ह्याहून थोडी निराळी आहे. १९७१ च्या महाराष्ट्र झोपडपट्टी अधिनियमाप्रमाणे एखादी वस्ती ‘घोषित’ झाली म्हणजे तिला नळ, दिवा आणि शौचालय ह्यांवर काहीएक हक्क सांगता येतो. तळवड्याच्या परिसरात मात्र शेतकऱ्याने शेत गुंठ्यागुंठ्याने विकावे, घेणाऱ्याने मुद्रांकाच्या कागदावर लिहून घ्यावे, सातबाऱ्यावर नाव चढो अथवा न चढो, वर दोन खोल्या चढवाव्यात आणि मागे पत्र्याच्या चार खोल्या काढून भाड्याने द्याव्यात, अशा रीतीने वस्ती वाढली. त्यात देहूरोडच्या त्याच दारूगोळा आगाराभोवती १९०३ च्या संरक्षणविषयक कायद्यान्वये आखलेली दोन हजार यार्डांची बांधकामबंदीची मर्यादा, जिला येथे लहान मूलदेखील ‘रेड झोन’ म्हणते, रुपीनगर आणि तळवड्याच्या बऱ्याच भागावरून जाते. म्हणजे जागेचा मालक अनधिकृत, त्याचा भाडेकरू त्याहून अनधिकृत, आणि भाडेकरूचे मूल तर कोणत्याच कागदावर नाही. कायद्याच्या व्याख्येत ही झोपडपट्टी नव्हे, हे मला ठाऊक आहे. परंतु भाडेकराराशिवाय, कोणत्याही महिन्याच्या अखेरीस खोली खाली करण्याच्या तयारीने जे कुटुंब राहते, त्याच्या मुलाच्या दृष्टीने व्याख्येचा हा भेद फारसा उपयोगाचा नाही.

आता थोडे मागे जाणे आवश्यक आहे, कारण ह्या मुलाला जो कायदा लागू होतो त्याचा पिंड शतकभर जुना आहे. १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीराव फुल्यांनी रयतेच्या पैशावर वरिष्ठ वर्गाचे शिक्षण चालते ही गोष्ट सरकारच्या पदरात घातली आणि निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे अशी मागणी केली. त्याच्या एकच वर्ष आधी, १८८१ साली, पहिला फॅक्टरी कायदा होऊन सात वर्षांच्या मुलाला गिरणीत नऊ तास राबविणे कायदेशीर ठरले होते. ती मर्यादा १८९१ मध्ये नऊ वर्षांवर आणि १९२२ मध्ये बारा वर्षांवर गेली. म्हणजे शाळेने मुलाला घेण्याआधी गिरणीने त्याला सोडावे ह्यासाठी चाळीस वर्षे खर्ची पडली. १९११ साली नामदार गोखल्यांनी सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक मांडले ते फेटाळले गेले. १९१७ साली शाहू महाराजांनी करवीर संस्थानात तेच करून दाखविले. १९१८ साली विठ्ठलभाई पटेलांच्या खटपटीने मुंबई इलाख्यातील नगरपालिकांना सक्ती लागू करण्याचा अधिकार मिळाला, आणि मुंबई शहरात १९२५ साली ती प्रथम एफ आणि जी ह्या गिरणकामगारांच्या वॉर्डांत आली.

ह्या सर्व कायद्यांच्या मुळाशी एक गृहीतक होते: प्रत्येक मुलाला एक पालक असतो, पालकाला एक घर असते, घराला क्रमांक असतो आणि तो क्रमांक कोणत्या तरी वॉर्डाच्या यादीत असतो. हजेरी अधिकाऱ्याने यादी घेऊन निघावे, दारावर थाप मारावी आणि गैरहजर मुलाच्या बापाला नोटीस द्यावी, अशी त्या काळची योजना होती. ज्याचे घरच यादीत नाही त्याला शाळेत आणण्याची सक्ती कोणावर, हा प्रश्न कायदा करणाऱ्यांना सुचला नाही. त्यामुळे पुढील साठ-सत्तर वर्षे झोपडीतील मुलावर सक्तीही नव्हती आणि बंदीही नव्हती. ते शाळेच्या दारात येऊन उभे राहिले तर काय करावयाचे, हे सर्वस्वी मुख्याध्यापकांच्या मर्जीवर होते.

आणि येथे त्या अज्ञात मुख्याध्यापकांविषयी दोन शब्द लिहिणे मला कर्तव्य वाटते. जन्माचा दाखला नसलेल्या मुलाला, उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरावयास सांगावे, बोटे कानाला पोहोचली की सहा वर्षे पूर्ण झाली असे मानावे, आणि रजिस्टरात जन्मतारीख म्हणून १ जून लिहून टाकावी, ही रीत महाराष्ट्रभर होती. पन्नाशी ओलांडलेल्या मराठी माणसांचा कोणताही समुदाय घेतला तरी त्यात १ जूनला जन्मलेल्यांची संख्या निसर्गनियमांनी समजावता येणार नाही एवढी मोठी निघते. ह्या प्रकाराला बेशिस्त म्हणून हसणे सोपे आहे. परंतु नियमावर बोट ठेवून ‘दाखला आणा, मग या’ असे सांगितले असते तर आईबाप पुन्हा आलेच नसते. कारण दाखला आणावयाचा तर गावी जावे लागे, गावी जाणे म्हणजे चार दिवसांची मजुरी बुडणे, आणि ज्या ग्रामपंचायतीच्या नोंदवहीत त्या जन्माची नोंदच नव्हती तेथून रिकाम्या हाताने परतणे. एका काल्पनिक तारखेच्या बळावर लक्षावधी मुलांचे नाव पटावर चढले. शिक्षणाचा हक्क देणारा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला आणि वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येणार नाही असे त्याच्या कलम १४ ने सांगितले, तेव्हा संसदेने एका अर्थाने जिल्हा परिषदेच्या आणि पालिकेच्या गुरुजींच्या जुन्या शिरस्त्यालाच कायद्याची सनद दिली.

प्रवेशाचा प्रश्न असा सुटला, तरी दाखल्याचा सुटला नाही. उलट तो पुढे अधिक बिकट होत गेला. शिष्यवृत्ती, वसतिगृह, पुढील शिक्षणातील राखीव जागा ह्या सर्वांसाठी जातीचे प्रमाणपत्र लागते, आणि महाराष्ट्रात ते मिळविण्यासाठी आपले कुटुंब एका ठरावीक तारखेपूर्वी राज्यात रहिवासी होते हे सिद्ध करावे लागते: अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती आणि भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७. पुरावा म्हणून सर्वांत ग्राह्य मानला जातो तो वडिलांचा, आजोबांचा किंवा चुलत्याचा शाळा सोडल्याचा दाखला; तो नसेल तर गाव नमुना क्रमांक १४ मधील जन्ममृत्यूची जुनी नोंद. ह्या व्यवस्थेतील विपरीतता क्षणभर थांबून पाहण्याजोगी आहे. ज्याच्या आजोबाला जातीपायी शाळेच्या पायरीवर चढू दिले नाही, त्या नातवाकडे त्याच जातीचा पुरावा म्हणून आजोबाचा शाळेचा दाखला मागावयाचा! पालावर जन्मून पालावर मेलेल्या पारध्याचे, वडाराचे वा डोंबाऱ्याचे नाव कोणत्या गावाच्या नमुन्यात सापडणार? अशा कुटुंबांत दहावी झालेली मुलगी तहसील कचेरीच्या आणि सेतू केंद्राच्या खेपा घालते, मूळ गावच्या शाळेतील जीर्ण रजिस्टराची पाने उलटून घेण्यासाठी एस.टी.ने जाते, आणि पुष्कळदा प्रवेशाची मुदत संपल्यावर परत येते. मुलांच्या चिकाटीची मोजदाद करणाऱ्यांनी गुणपत्रिकेबरोबर ह्या खेपाही मोजावयास हव्यात.

शाळा वस्तीकडे येऊ शकते, वस्तीनेच शाळेकडे गेले पाहिजे असे नाही, हा विचार महाराष्ट्राला नवा नव्हता. १९४५ साली ताराबाई मोडकांनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्रामबालशिक्षा केंद्र सुरू केले, तेव्हा मुले बालवाडीत येत नाहीत असे पाहून त्यांनी आणि अनुताई वाघांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. पुढे कोसबाडच्या टेकडीवर गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात शाळा भरू लागली. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास योजना देशात तेहतीस ठिकाणी प्रयोगादाखल सुरू झाली. महाराष्ट्रात त्यांपैकी एक ठिकाण मेळघाटातील धारणी होते आणि दुसरे मुंबईची धारावी. अरण्य आणि झोपडपट्टी ही दोन टोके एकाच वेळी निवडणाऱ्या नियोजनकाराला निदान आरंभी तरी रोगाचे निदान बरोबर झाले होते, असे म्हणावयास हरकत नाही. पिंपरी-चिंचवडच्या वस्त्यांतील दहा बाय दहाच्या खोलीत भरणारी अंगणवाडी, तिची सेविका आणि मदतनीस ह्या त्याच परंपरेतल्या. सेविका बहुधा त्याच वस्तीतील, सातवी किंवा दहावी शिकलेली, अल्प मानधनावर काम करणारी स्त्री असते. कोणाचा बाप पितो, कोणाची आई बाळंत आहे, कोणते कुटुंब ह्या महिन्यात गावी जाणार, हे तिला हजेरीपटाशिवाय ठाऊक असते.

बांधकामावरच्या मुलांसाठी मीरा महादेवन ह्यांनी १९६९ साली दिल्लीत मोबाईल क्रेशेस ही पाळणाघरांची संस्था काढली, आणि ती पुढे मुंबईत व पुण्यात आली. रजनी परांजपे आणि बीना लष्करी ह्या समाजकार्याच्या क्षेत्रातील दोघींनी ऐंशीच्या दशकाअखेरीस मुंबईत आणि परांजप्यांनी १९९३ साली पुण्यात डोअर स्टेप स्कूल सुरू केले. शाळेच्या दारापर्यंत न येणाऱ्या मुलाच्या दारात जाण्याचा त्यांचा संकल्प शब्दशः होता, कारण रस्त्याच्या कडेला राहणाऱ्यांसाठी त्यांनी बसमध्येच वर्ग भरविला. वाघोलीच्या दगडखाणींत संतुलन संस्थेच्या पाषाणशाळा उघडल्या. पुण्यातच श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी विद्यापीठाच्या प्रौढशिक्षण विभागातील कार्यकर्त्यांनी कचरा वेचणाऱ्या मुलांना शिकवावयास घेतले, आणि शिकवता शिकवता त्यांच्या लक्षात आले की मूल कचरा वेचते ते आईच्या मिळकतीत भर घालण्यासाठी, तेव्हा प्रश्न मुलाच्या अक्षरांचा जेवढा आहे तेवढाच आईच्या मजुरीचा आहे. ह्या जाणिवेतून १९९३ साली बाबा आढावांच्या पुढाकाराने कचरावेचकांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. साक्षरतेच्या वर्गातून कामगार संघटना निघावी, हे ह्या साऱ्या इतिहासातील मला सर्वांत शहाणपणाचे पाऊल वाटते. संघटनेने पुढे पालिकेची मोहोर असलेली ओळखपत्रे मिळविली, आणि अस्वच्छ व्यवसायांत काम करणाऱ्यांच्या मुलांना मिळणारी शिष्यवृत्ती कचरावेचकांच्या मुलांनाही मिळावी म्हणून सरकारदरबारी खेटे घातले.

ह्या इतिहासात जिचा उल्लेख कोठेही होत नाही ती व्यक्ती म्हणजे घरातील थोरली मुलगी. तळवडे, चिखली, भोसरी येथील लहान कारखान्यांत पॅकिंग, जुळवणी, साफसफाई अशी कामे बायका करतात. पहिली पाळी सकाळी लवकर सुरू होते, अंगणवाडी त्यानंतर उघडते आणि दुपारी मिटते. मधल्या आणि नंतरच्या वेळेत धाकट्यांना सांभाळणे, टँकर आला की हंडे भरणे, भावाला शाळेत पोहोचविणे आणि आणणे हे सारे दहा-बारा वर्षांच्या मुलीच्या अंगावर येते. धाकट्या भावाची हजेरी पूर्ण असते कारण बहिणीची अपुरी असते. काही पालिका शाळांतील शिक्षिकांनी अशा मुलीला कडेवरच्या भावंडासकट वर्गात बसू दिले, ही गोष्ट कोणत्याही परिपत्रकात नाही आणि कोणत्याही परिपत्रकाने ती कधी सुचविली नसती. १९९५ नंतर पालिका व जिल्हा परिषद शाळांत तांदूळ आणि पुढे शिजवलेली खिचडी आली, तेव्हा दुपारपर्यंत वर्गात थांबण्यास मुलांना, विशेषतः मुलींना, एक सबळ कारण मिळाले. शिक्षणशास्त्रावरील पुष्कळ ग्रंथांपेक्षा त्या खिचडीने मुलांना अधिक काळ शाळेत थांबविले आहे.

आईची मजुरी किती ठिसूळ जमिनीवर उभी आहे, हे ८ डिसेंबर २०२३ रोजी तळवड्याने पाहिले. वाढदिवसाच्या केकवर लावण्याच्या शोभेच्या मेणबत्त्या बनविणाऱ्या एका शेडमध्ये आग लागून सहा स्त्रिया जागच्या जागी गेल्या आणि मृतांचा आकडा पुढील दिवसांत वाढत गेला. त्यानंतर चौकशी, गुन्हे, नुकसानभरपाई हे सर्व यथाक्रम झाले. अशा घरांतील मुलांची पुढील सत्रातील हजेरी कोणी तपासावी, हे मात्र कोणत्याही खात्याच्या कार्यकक्षेत येत नाही. कारखाने निरीक्षकाच्या नाही, आणि शिक्षणाधिकाऱ्याच्याही नाही.

शाळेचे वर्ष जूनमध्ये सुरू होते आणि एप्रिलमध्ये संपते, ही गोष्ट अतिक्रमणविरोधी खात्याच्या पंचांगात कधी नोंदली गेली नाही. मुंबईची जनता कॉलनी मे १९७६ मध्ये पाडली गेली, आणि तेथील हजारो मुले जूनमध्ये, जेथे रहिवाशांना हलविले त्या चीता कॅम्पच्या चिखलात नव्या शाळेच्या शोधात होती. जुलै १९८१ मध्ये भर पावसात पदपथावरील रहिवाशांना उचलून शहराबाहेर नेण्याची मोहीम निघाली. त्यातून उद्भवलेल्या खटल्याचा निकाल १० जुलै १९८५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिला. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड, ज्यांचे मूळ गाव चाकणच्याच खेड तालुक्यातील कनेरसर, ह्यांनी त्या निकालात उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे हे तत्त्व प्रस्थापित केले, आणि पावसाळा संपेपर्यंत, म्हणजे ३१ ऑक्टोबरपर्यंत, कोणास हलवू नये असे सांगितले. निकालाची थोरवी मान्य करूनही एक गोष्ट नजरेआड करता येत नाही: न्यायालयाने ऋतूचा विचार केला, सत्राचा केला नाही. ऑक्टोबरअखेर म्हणजे सहामाही संपून दुसरे सत्र सुरू होण्याची वेळ. त्या वेळी उठविलेले मूल ना ह्या शाळेत राहते ना त्या.

निकाल लागला की दरवर्षी जूनच्या सुमारास वर्तमानपत्रांत ‘झोपडीतील गुणवंत’ अशा मथळ्याखाली एखाद्या मुलाचे छायाचित्र येते. आई धुणीभांडी करते, बाप हमाल, अभ्यास रस्त्याच्या दिव्याखाली. मुलाचे कौतुक व्हावयासच हवे. परंतु ह्या मथळ्यांतून जिद्द हा मुलाच्या स्वभावाचा गुण आहे अशी समजूत पक्की होते, आणि मग ज्यांना जमले नाही त्यांच्यात जिद्द नव्हती असा निष्कर्ष आपोआप निघतो. वस्तुतः त्या छायाचित्राच्या चौकटीबाहेर आणखी पुष्कळ माणसे उभी असतात: १ जून लिहिणारे गुरुजी, अंगणवाडीची ताई, समाजमंदिराची किल्ली रात्री दहापर्यंत देणारा कोणी, उधारीवर वह्या देणारा दुकानदार, आणि आठवीत शाळा सोडलेली बहीण. ‘झोपडीतील गुणवंत’ असे म्हणून आपण ह्या सर्वांचे श्रेय एका पोरसवदा मुलाच्या खांद्यावर ठेवतो, आणि ज्या कचेऱ्यांनी काहीच केले नाही त्यांनाही हार घालावयास बोलावतो. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि शिक्षण दूरध्वनीच्या पडद्यावर गेले, तेव्हा ही माणसे मुलांपासून एका दिवसात तुटली. घरात एक फोन, तो बापाच्या खिशात, आणि बाप कामावर. जिद्द तेव्हाही तीच होती.

शाळाबाह्य मुले किती, हे ठरविण्यासाठी ४ जुलै २०१५ रोजी महाराष्ट्र शासनाने राज्यभर एका दिवसात पाहणी केली. मोजलेल्या मुलाच्या बोटाला शाई लावण्यात आली. जो आकडा निघाला तो पाहून वस्त्यांत काम करणाऱ्या संस्थांनी हरकत घेतली, आणि ती योग्य होती. सकाळी आईबरोबर मजूरअड्ड्यावर, दुपारी बांधकामावर आणि रात्री भलत्याच वॉर्डातील पत्र्याच्या खोलीत असणारे मूल एका दिवसाच्या पाहणीत कोठे सापडणार? तळवड्याच्या परिसरात हे मूल आज मराठवाड्याचेच असेल असेही नाही. ते कलबुर्गीचे, बिहारचे, उत्तर प्रदेशाचेही असते. घरी कानडी किंवा भोजपुरी बोलावी, गल्लीत हिंदी, आणि पालिकेच्या शाळेत मराठीत मुळाक्षरे गिरवावीत, असा तिहेरी अभ्यास ते पहिल्या इयत्तेतच करते, आणि त्याची गुणपत्रिकेत नोंद होत नाही.

फेब्रुवारी २०२५ मध्ये तळवड्याच्या शेजारच्या कुदळवाडीत महानगरपालिकेने भंगाराची गोदामे, शेड आणि त्यांना लागून असलेली हजारो बांधकामे जमीनदोस्त केली. नदीचे प्रदूषण, आगीच्या घटना, रस्त्यांची आरक्षणे ही कारणे देण्यात आली आणि त्यांतील काही खरीही होती. दहावीची परीक्षा त्याच महिन्याच्या २१ तारखेस सुरू झाली. गोदामांवर राबणारी कुटुंबे आपापल्या ओळखीच्या दिशेने पांगली. कोणी मोशीकडे, कोणी चाकणकडे, कोणी परत गावी. २००९ च्या कायद्याच्या कलम ५ प्रमाणे अशा मुलाला कोणत्याही सरकारी वा पालिका शाळेत जाता येते, आणि जुन्या शाळेचा दाखला उशिरा मिळाला म्हणून नवी शाळा त्याला थांबवू शकत नाही. तरीसुद्धा असे आईबाप अर्ध्या दिवसाची मजुरी सोडून दाखला मागावयास जुन्या शाळेत येतात. त्यांना कलम ५ ठाऊक नसते असे म्हणून सोडून देता येईल. पण सेतू केंद्राच्या रांगेत उभे राहून १९५० आणि १९६१ च्या तारखा त्यांना चांगल्या ठाऊक झालेल्या असतात.